पडद्यावरची बावीस गावे

२०१३ सालच्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पनवेलच्या आमच्या साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर हिराबाई नावाच्या एका वृद्धेच्या निधनाची चौकट छापून आली. हिराबाई बेलपाड्याच्या होत्या. त्यांचा दशक्रिया विधी रविवारी सकाळी आठ वाजता बेलपाड्याच्या गावतळ्यावर होता. चौकटीत स्थळ छापले गेले ते असे : नदीकाठ, विचुंबे.

त्या रविवारी हिराबाईंच्या थोरल्या बहिणीला घेऊन उरणहून निघालेला टेंपो साडेसात वाजता विचुंब्याच्या नदीकाठी पोहोचला. बेलपाड्याच्या तळ्यावर कावळा पिंडाला शिवला तेव्हा नऊ वाजायला वीस मिनिटे होती. टेंपो बेलपाड्याला पोहोचला सव्वादहाला.

एवढे निर्विवाद आहे. ही चूक कशी झाली याबद्दल मात्र आमच्या कार्यालयात पुढचे पंधरा दिवस जे बोलले गेले, त्यातले पुष्कळसे चुकीचे होते, आणि त्या चुकीच्या बोलण्यात माझाही वाटा होता.

कार्यालय बाजारपेठेत, मसाल्याच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. थंडी ओसरू लागली की घरोघरच्या बायका मिरच्यांची, धण्यांची पोती घेऊन खाली रांग लावत आणि भाजलेल्या मिरचीचा तो तांबूस, जड वास जिन्याने एकेक पायरी चढत आमच्या टेबलांपर्यंत येई. दुपारी वारा फिरला की त्यात पलीकडच्या गल्लीतल्या सुक्या बोंबलांचा वास मिसळे. चारच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी थेट संगणकाच्या पडद्यावर पडे, म्हणून इक्बालभाईंनी खिडकीच्या गजांना जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा बांधला होता. त्या पुठ्ठ्याच्या सावलीत बसून ते पान लावत. मी बातम्या तपासत असे. मालक-संपादक नाना आतल्या खोलीत बसत. कायमची माणसे आम्ही तीनच.

इक्बालभाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. तारुण्यातली सोळा वर्षे त्यांनी आखातात नामफलक रंगवण्यात घालवली. परत आल्यावर मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवायला शिकले आणि २००५ पासून आमच्याकडे होते. त्यांची अक्षरांची जाण अशी की, मथळा पडद्यावर टाकण्याआधी बोटाने टेबलावर त्याची लांबी मोजत आणि ते माप सहसा चुकत नसे.

आमचे साप्ताहिक गावांवर चाले. प्रत्येक गावाचा एक फोल्डर, अशी बावीस गावे. प्रत्येक फोल्डरमध्ये त्या गावाच्या तयार चौकटी : वर गावाचे नाव, खाली विधीचे नेहमीचे स्थळ, मध्ये मजकुरासाठी मोकळी जागा. कोणी वारले की इक्बालभाई त्या गावाची चौकट उघडत आणि मध्ये नाव, वय, वार, वेळ भरत. ही पद्धत आठ वर्षे बिनचूक चालली होती. ती इतकी बिनचूक चालली की तपासणीचा वेळ वाचावा म्हणून मी एक नियम केला होता : छपाईआधीचे कच्चे मुद्रित वाचताना चौकट वाचायची नाही, फक्त आतला नवा मजकूर वाचायचा.

इक्बालभाईंच्या पडद्यावर ही बावीस गावे अशी काही पसरलेली होती की पाहणाऱ्याला तो पसारा वाटे. निळसर हिरव्या सपाट रंगावर पिवळे फोल्डर. काही एकमेकांना खेटून, काही तिरके सुटलेले, मध्यावर डावीकडे एक मोठा रिकामा पट्टा, उजवीकडे अगदी खाली एकटे पळस्पे. पण कागदावरचे गावाचे नाव वाचत असतानाच त्यांचा उजवा हात निघालेला असे, आणि डोळे पडद्यावर पोहोचण्याआधी फोल्डर उघडलेला असे. त्या मांडणीबद्दल मी मनाशी एक सिद्धान्त तयार केला होता. हा नकाशा आहे, असे मी धरून चालले होते. पळस्पे उजवीकडे खाली, जिथे गोव्याचा रस्ता फुटतो. बेलपाडा डावीकडे वर. आणि मधला रिकामा पट्टा म्हणजे खाडी. हा सिद्धान्त मला इतका आवडला होता की पाहुण्यांना मी तो पडद्यापाशी नेऊन सांगत असे. इक्बालभाईंना मात्र मी कधी विचारले नव्हते. वीस वर्षे बातम्यांची खातरजमा करण्यात घालवलेल्या माणसाने हे लिहिणे शोभत नाही, पण घडले ते तसे.

दिवाळीनंतर नानांचे जावई तेजस दर रविवारी कार्यालयात येऊ लागले. ते खारघरला राहत आणि संगणकाच्याच एका कंपनीत नोकरीला होते. पहिल्या रविवारी त्यांनी इक्बालभाईंचा पडदा पाहिला आणि ज्या चेहऱ्याने डॉक्टर जुनी जखम पाहतो त्या चेहऱ्याने ते म्हणाले, "चाचा, तुम्ही अजून ह्यावर काम करता? हे तर नव्वद सालचं आहे."

"चालतंय ना, बेटा," इक्बालभाई म्हणाले.

"चालतंय हो. पण किती बोअर आहे!"

बोअर असणे हा दोष आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. तेजसरावांनी यंत्र बदलले नाही, पान लावण्याची आज्ञावलीही बदलली नाही. त्यांनी फक्त चेहरा बदलला. संगणकाच्या पडद्याला असे वेगवेगळे चेहरे चढवता येतात, ते करणारे हौशी लोक जगभर आहेत आणि त्यांच्यात या विषयावर कडाक्याची भांडणे चालतात, असे त्यांनी सांगितले. पुढच्या तीन महिन्यांत त्यांतले चार चेहरे आमच्या कार्यालयात येऊन गेले.

पहिला चेहरा म्हणजे एक घन. पडद्याच्या जागी एक चौकोनी ठोकळा तरंगत असे आणि त्याच्या चार बाजूंवर चार वेगवेगळी कामे. एका कामावरून दुसऱ्यावर जायचे तर ठोकळा गर्रकन फिरे, मागे ढगाळ आकाश दिसे. पान एका भिंतीवर, छायाचित्रे दुसऱ्या, बातम्या तिसऱ्या. पहिल्या गुरुवारी दुपारी तीन वाजता इक्बालभाईंनी मला अत्यंत शांतपणे विचारले, "ताई, सरपंचांचा फोटो तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे होता, पण तो घराच्या मागच्या बाजूला गेला."

दुसरा चेहरा लाकडी टेबलाचा होता. पडद्यावर तिरके टेबल दिसे, त्यावर फोल्डरांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे. ते ढकलले की घसरत, एकमेकांवर आपटत, ढीग केला तर ढीग कोसळे. खऱ्या टेबलावरचा पसारा आवरत नाही म्हणून माणसाने संगणक घ्यावा आणि संगणकाने त्याला त्याच पसाऱ्याचे हुबेहूब, घसरणारे चित्र द्यावे, यामागे काय विचार असावा, हे मला अजून समजलेले नाही. एकदा हात जरा जोरात गेला आणि करंजाडे, कोळखे आणि आदई ही तीन गावे टेबलाच्या कडेवरून दिसेनाशी झाली.

तिसऱ्या चेहऱ्यात फरश्या होत्या. इथे काहीच कशावर चढत नसे. नवी खिडकी उघडली की जुन्या खिडक्या अंग चोरून तिला जागा देत. चार खिडक्या उघडल्या की वर्तमानपत्राचे पान हाताच्या पंजाएवढे होई. माऊस वापरणे हे या पंथात कमीपणाचे होते. सगळे कळफलकावरून करायचे. तेजसरावांनी अकरा कळजोड्या एका कागदावर लिहून दिल्या आणि तो कागद भिंतीला चिकटवला. मिरचीच्या धुराळ्याने तो आठवड्यात तांबडा झाला.

चौथा चेहरा आला जानेवारीच्या अखेरीस. मोठे रंगीत चौकोन, प्रत्येकावर गावाचे नाव, आणि सर्वांत अलीकडे जे गाव उघडले असेल ते सर्वांत पुढे. "हा तुमच्याकडून शिकतो, चाचा," तेजसराव म्हणाले. "तुम्हाला जे हवं असेल ते तो आधीच समोर आणून ठेवतो."

हे सर्व थांबवता आले असते. एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य बोलायचे कोणी? मी नानांकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी दार लोटून घेतले.

"अहो, मला कळत नाही का? पण जावई आहे तो. आत्ताच अधिक महिना झाला, ताटाभोवती रांगोळी काढून अनारसे वाढले त्याला. आता त्याला सांगू, तू हौसेने केलंस ते काढ? मुलगी काय म्हणेल माझी?"

"पण गुरुवारचं पान उशिरा जातंय."

"जाऊ दे उशिरा. पान दर आठवड्याला निघतं. जावई एकच आहे."

आमच्याकडे जावयाने आणलेला आंबा आंबट निघाला तरी गोड लागतो, आणि तेजसराव तर फुकट राबत होते. म्हणून इक्बालभाई दर महिन्याला नव्या घरात राहायला जावे तसे नव्या पडद्यात राहायला जात राहिले, आणि मी नियमाप्रमाणे चौकटी न वाचता पानांवर सह्या करत राहिले.

चूक छापून आली त्यानंतरच्या सोमवारी, अकराच्या सुमारास, हिराबाईंचा मोठा मुलगा दामोदर आणि त्याची उरणची मावशी जिना चढून आले. मावशी कोळीण, सत्तरीच्या पुढची, नेसण घट्ट खोचलेले. वर येईपर्यंत मिरचीच्या खकाण्याने दोघांना खोकल्याची उबळ आली होती. मावशी खुर्चीत टेकल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येवढा तिखट वास रोज खाताव, तरी तुमचे डोले उघडत नाय?"

दामोदरने शुक्रवारचा अंक टेबलावर ठेवला आणि त्याशेजारी आमच्याच शिक्क्याची पोच. "बाय, आमी काय लिवून दिलंता? बेलपाडा. हे बगा. तुमी काय छापलं? विचुंबा. धाकट्यानं विचुंब्याला नवीन बिल्डिंगमदी घर घेतलंय, म्हनून मावशीला वाटलं, कार्य तिथंच ठेवलंय. कोनाला डाऊटच नाय आला. फोन करतील, तर आमचे फोन घरात आनि आमी तल्यावर."

"आमी नदीवर उभी," मावशी म्हणाल्या. "एक म्हातारा म्हशी धूत व्हता. त्याला इचारलं, हिराचं हितंच हाय ना? तो बोलला, बाय, हितं कोनी मेलं नाय."

खाली गिरणीचा पट्टा चालू होता.

"ती गेली तवा मी तापानं परलेली," त्या पुढे म्हणाल्या. "तोंड नाय बगितलं. बोलले, धाव्याला जाऊ, कावल्याला हात जोरू. ते पन नाय."

इक्बालभाई खुर्चीतून उठून समोर आले. "मावशी, ते पान मी लावलं. माझ्या हातून झालं."

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "तू लावलंस. मंग वाचलं कोनी?"

"मी," मी म्हणाले.

"म्हंजे दोघं व्हता," मावशी म्हणाल्या. "दोघं असून?"

मी शुद्धिपत्रक पहिल्या पानावर छापू, असे सांगितले. नोकरीच्या वीस वर्षांत हे वाक्य मी कितीतरी वेळा उच्चारले असेन आणि दर वेळी त्याने समोरचा माणूस थोडा तरी निवळतो, असा माझा अनुभव होता. मावशी हसल्या. "छापून काय, हिरा परत मरनार हाय?" मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दामोदरला म्हणाल्या, "चल रे. मना इथला वास सोसत नाय."

त्या दुपारी नानांनी निर्णय घेतला. इक्बालभाईंचे डोळे अधू झाले आहेत. एक मार्चपासून नवा माणूस पाहायचा. तेजसरावांचेही मत तेच पडले, असे नाना म्हणाले. चौकोन एवढे मोठे, त्यावर नावे एवढी ठळक. धड डोळ्यांच्या माणसाला ते दिसणार नाही, असे होईलच कसे?

संध्याकाळी इक्बालभाई माझ्या टेबलापाशी आले. खिडकीचा पुठ्ठा वाऱ्याने हलत होता आणि उन्हाची पट्टी त्यांच्या शर्टावर वरखाली होत होती.

"ताई, चूक केली म्हणून काढा. मी सलाम करून जातो. पण नजर गेली म्हणून नका काढू. नजर गेली असं एकदा बोललं गेलं की, मोहल्ल्यात मला साधा बोर्ड रंगवायलासुद्धा कोणी बोलावणार नाही. हातात दुसरं काय आहे माझ्या?"

"तुम्हाला दिसतं का नीट?"

"अक्षर दिसतं. गाव दिसत नाही. रोज दुसरीकडे जातं."

मी नानांकडून आठ दिवस मागून घेतले. तीन दिवस वही घेऊन इक्बालभाईंच्या शेजारी बसले आणि जे दिसेल ते लिहीत गेले. डोळ्यांची तपासणीही याच आठवड्यात झाली. डॉक्टरांनी लिहिले : डाव्या डोळ्याची बाजूची दृष्टी काहीशी कमी, थेंब सुरू करावेत, चष्मा बदलावा, कामास हरकत नाही. नानांनी तो कागद वाचला आणि 'काहीशी कमी'वर बोट ठेवले. मी 'हरकत नाही'वर ठेवले. कागद एकच होता.

वहीतले निरीक्षण मी त्या दोन आठवड्यांच्या बातम्यांच्या नोंदीशी ताडून पाहिले, आणि ते मात्र स्पष्ट होते. चूक झाली त्याच्या आधीच्या आठवड्यात आलेल्या बातम्या जवळजवळ सगळ्या बेलपाड्याच्याच होत्या, म्हणून बेलपाड्याचा चौकोन पहिल्या जागी येऊन बसला होता. सलग पाच-सहा दिवस तो तिथेच राहिला. इक्बालभाईंचा हात त्या जागेला बेलपाडा म्हणून ओळखू लागला. बुधवारी सकाळी विचुंब्याच्या पाणीपुरवठ्याची बातमी आली. विचुंबे उघडले गेले, म्हणून विचुंबे पहिल्या जागी आले आणि बेलपाडा एक घर मागे सरकला. तासाभराने दामोदरचा कागद आला. हात पहिल्या जागी गेला. चौकट उघडली, मजकूर भरला गेला, आणि मी आतला मजकूर वाचून सही केली. यंत्र खरोखरच शिकले होते. माणसानेही शिकून घेतले होते. मग यंत्राने आपला धडा बदलला आणि माणसाला ते सांगितले नाही.

हे लिहून काढताना मला जो राग आला तो कुणा एकावर नव्हता. ठोकळा, टेबल, फरशी, चौकोन या चारही पंथांचे भांडण एकाच मुद्द्यावर आहे : माणसाने वस्तू कशी शोधावी. कोणी म्हणतो फिरवून शोधा, कोणी म्हणतो उपसून शोधा, कोणी म्हणतो नाव टंकून शोधा. ज्याला शोधावे लागतच नाही, अशा माणसाचा विचार कुणीच केलेला दिसत नाही. घरातली बाई अंधारात मिठाच्या बरणीकडे हात नेते तेव्हा ती मीठ शोधत नसते. तिच्या सोयीसाठी कुणी फळीवरच्या बरण्या रोज बदलून लावू लागला, आणि ती चुकली की तिला आंधळी म्हणू लागला, तर त्याला सुधारक कोण म्हणेल? पण संगणकाच्या बाबतीत आपण म्हणतो. आणि त्यासाठी रविवारी चहा-पोह्यांची सोयही करतो.

पुढच्या रविवारी तेजसराव आले तेव्हा मी वही त्यांच्यासमोर ठेवली. नानाही बाहेर येऊन बसले. तेजसरावांनी ती दोनदा वाचली. हा तरुण माणूस वाईट नव्हता, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे.

"पण मॅडम, टाइलवर नाव लिहिलेलं असतं ना! वाचून क्लिक करायचं. सिंपल आहे."

इक्बालभाई म्हणाले, "घराच्या दारावरपण नाव लिहिलेलं असतं, बेटा. तुम्ही रोज वाचून आत जाता?"

तेजसरावांनी वही मिटली. "मग चाचा, तीन महिने तुम्ही बोलला का नाहीत? मी एका मिनिटात काढलं असतं सगळं."

"जावईबापूंना कोण बोलणार?"

नाना भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली पुढच्या महिन्याची तिथी पाहू लागले.

मग गोष्टी भराभर झाल्या. जुना चेहरा परत आणायला खरोखरच एक मिनिट लागले. फोल्डर कोणालाही हलवता येणार नाहीत, असे कुलूपही तेजसरावांनी घालायचे कबूल केले. नानांनी त्यात अट घातली : येत्या गुरुवारचे चौथे पान वेळेवर आणि बिनचूक गेले, तर नवा माणूस पाहायचा नाही. फक्त एक अडचण निघाली. पहिला घन चढवला तेव्हाच जुन्या जागा पुसल्या गेल्या होत्या. पडदा सपाट हिरवा होता आणि बावीस फोल्डर एका ढिगात मध्यावर पडले होते.

मी माझे टिपण पुढे केले. तालुक्याच्या नकाशावरून मी बावीसही गावांच्या जागा कागदावर आखून आणल्या होत्या. इक्बालभाईंनी चष्मा वर करून तो कागद पाहिला.

"हे काय?"

"तुमचा पडदा. नकाशा होता ना तो?"

"नकाशा?" ते इतके मोकळे हसले की नानांनाही हसू आले. "नाही हो ताई! जसजसं गाव येत गेलं, तसतसं टाकत गेलो. पहिल्या वर्षी सात गावं होती. जिथे पडलं तिथे राहिलं."

"आणि पळस्पे खाली एकटं?"

"तिथली बातमी फार येत नव्हती."

"मधली रिकामी जागा? खाडी?"

"खाडी कुठली? जुन्या मॉनिटरला तिथे डाग होता. डागावर कोण फोल्डर ठेवणार?"

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आठ वर्षे सांगितलेली एक कथा खोटी ठरली होती, आणि तिच्याइतकी सुंदर दुसरी मिळत नव्हती. जागेला काही अर्थ नव्हता. ती फक्त हलली नव्हती. त्यांना तेवढे पुरले होते.

"चाचा, मग कुठलं गाव कुठे ते सांगा, मी लावतो," तेजसराव म्हणाले.

इक्बालभाईंनी तोंड उघडले आणि त्यांना सांगता येईना. आठ वर्षे दिवसातून वीसवीसदा गेलेल्या वाटा त्यांना शब्दांत सांगता येईनात. शेवटी त्यांनी तेजसरावांना उठवले, स्वतः खुर्चीत बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवले. दुपार कलत होती. गिरणी रविवारची बंद होती, तरी भिंतीत मुरलेला मिरचीचा वास खोलीत होता. "एक एक गाव बोला, ताई," ते म्हणाले.

मी म्हणाले, "पळस्पे." हात सरकला आणि थांबला. तेजसरावांनी तिथे फोल्डर ठेवला. "करंजाडे." हात वर गेला. "उसर्ली." "कोळखे." "विचुंबे." हात कुठे अडखळे, थोडा मागे येई, पुन्हा जाई आणि मग निश्चिंत होऊन थांबे. डोळे पूर्ण वेळ खिडकीबाहेर होते. एकेका नावासरशी तेजसराव त्या हाताकडे पाहत होते, आणि रविवारच्या त्यांच्या सगळ्या भेटींत ते काही पाहत आहेत, असे मला प्रथमच वाटले. अर्ध्या तासात पडद्यावर तो जुना पसारा पुन्हा उगवला. मधला डागाचा पट्टासुद्धा, आता डाग नसताना, रिकामाच राहिला.

"बेलपाडा," मी म्हणाले.

हात वर डावीकडे गेला. थांबला. तिथून पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आला, जिथे त्या रंगीत चौकोनांतला बेलपाडा पाच-सहा दिवस होता. तिथून परत निघाला आणि मध्येच राहिला. इक्बालभाईंनी तोंड वळवून पडद्याकडे पाहिले, मग हाताकडे. चष्मा घातला. पुन्हा काढला.

"तुम्हाला आठवतं का, ताई?"

मला आठवत होते, डावीकडे वर. पण ती आठवण माझ्या नकाशातली होती की त्यांच्या पडद्यावरची, हे मी खात्रीने सांगू शकत नव्हते. मी तसे सांगितले. आठ वर्षांची वाट पुसायला तीन महिने पुरेसे असतात की नाही, याबद्दल मी काही वाचलेले नाही. इतर एकवीस वाटा पुसल्या गेल्या नव्हत्या, हेही खरे.

"राहू द्या," ते म्हणाले. "सध्या मध्येच राहू द्या."

त्या आठवड्यात मी मुद्रित तपासणीचा नियम बदलला. चौकट आता गावाच्या नावापासून खालच्या रेघेपर्यंत वाचली जाते. त्या गुरुवारी चौथ्या पानावर निधनाच्या तीन चौकटी होत्या : एक करंजाड्याची, एक आदईची, एक विचुंब्याची. तिन्हींतली स्थळे बरोबर होती. पान संध्याकाळी साडेपाच वाजता छपाईला गेले. मार्चच्या हजेरीपटावर इक्बालभाईंचे नाव आहे. दुसरे नवे नाव नाही. तेजसरावांनी एकवीस फोल्डरांना कुलूप घातले. बेलपाड्याच्या फोल्डरला घातलेले नाही; हे लिहीपर्यंत तो पडद्याच्या मध्यावर आहे.